पळताना की पळून झाल्यावर?

"लेकराला दम लागालाय, छातीतबी दुखालंय." मराठवाड्यातल्या देवणी, वलांडी, उदगीर या पट्ट्यातल्या कुठल्याही दवाखान्यात सकाळभर बसलं, तर हे वाक्य कानावर येतंच. सांगणारा बाप असतो किंवा आई. ज्याला त्रास होतोय तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मान खाली घालून शेजारी बसलेला असतो.

या वाक्यातला 'दम' हा फार मोठा शब्द आहे. कुणाला श्वास अपुरा पडतो, कुणाच्या छातीत श्वास सोडताना शिट्टी वाजते, कुणी लांब उसासे टाकतो तरी छाती भरल्यासारखी वाटत नाही, कुणाला नुसती धडधड होते, तर कुणाचे दोन मजले चढल्यावर पाय गळून जातात. आपण या सगळ्याला दमच म्हणतो. दुखण्याचंही तेच: कळ, चमक, टोचणी, दडपण, जळजळ या पाच निरनिराळ्या गोष्टी 'छातीत दुखतं' या दोन शब्दांत कोंबल्या जातात. म्हणून किशोरवयातल्या अशा तक्रारीचं निदान यंत्रापासून सुरू होत नाही. ते हे शब्द उकलण्यापासून सुरू होतं.

पन्नाशीच्या माणसाची छाती दुखली की आधी हृदयाचा विचार करायचा, हे आता गावोगाव ठाऊक झालं आहे. तोच नियम मुलांना लावला जातो आणि घोटाळा तिथे होतो. मुलांच्या छातीतल्या दुखण्याच्या ज्या नोंदी जगभर झाल्या आहेत, त्यांत हृदय कारणीभूत असण्याचं प्रमाण शंभरात पाचांपेक्षा कमी आहे. बरगड्यांच्या कुर्च्या, स्नायू, श्वासनलिका, फुप्फुसाचं आवरण आणि आम्लपित्त ही कारणं त्यामानाने पुष्कळ. पण बापाने गावातला एखादा माणूस अटॅकने गेलेला पाहिलेला असतो. तो ईसीजी काढायला लावतो, ईसीजी चांगला येतो, आणि मुलाला सांगितलं जातं, "काही नाही तुला, उगीच टेन्शन घेतोस." माझ्या मते या विषयातली सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. हृदयाचा कागद चांगला आला एवढ्यावरून दुखणं खोटं ठरत नाही.

एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. तो कल्पनेतलाच आहे, पण त्याच्यासारखे खूप असतात. दहावीत आहे, अंगाने सडपातळ, कबड्डी खेळतो. पुढे पोलीस भरतीला उतरायचं म्हणून दिवाळीनंतर पहाटे पळायला लागला. पळून आला की छाती आवळल्यासारखी होते, खोकल्याची उबळ येते, बरगड्या दुखतात. अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत. दुपारी दवाखान्यात जातो तेव्हा छाती स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८.

इथे एकच प्रश्न निदानाचं दार उघडतो: त्रास पळताना होतो की पळून झाल्यावर?

दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि आतलं अस्तर सुजतं. पळताना माणूस मिनिटाला कितीतरी पट हवा आत घेतो, आणि तीही तोंडाने, त्यामुळे नाकात मिळणारी ऊब आणि ओलावा तिला मिळत नाही. मराठवाड्यातली हिवाळ्याची पहाट गार आणि कोरडी. ती हवा अस्तरातलं पाणी ओढून घेते आणि तिथल्या पेशी नळी आवळणारी द्रव्यं सोडतात. पळणं चालू असेपर्यंत शरीरातलं अॅड्रेनलिन आणि खोल श्वास मिळून नळ्या उघड्या ठेवतात. थांबल्यावर हा आधार सुटतो आणि पुढच्या पाच-दहा मिनिटांत छाती सर्वांत जास्त आवळते. म्हणून दम्याचा मुलगा मैदानात पळून जातो आणि पारावर येऊन खोकतो.

हे सिद्ध करायला मोठं रुग्णालय लागत नाही. पीक फ्लो मीटर नावाची काही शे रुपयांची प्लास्टिकची नळी मिळते. तिच्यात जोराने फुंकलं की काटा आकडा दाखवतो. आपल्या मुलाने आधी फुंकलं तेव्हा काटा ३५० वर गेला असं धरा. मग त्याला डॉक्टरांच्या देखत सहा-आठ मिनिटं जोरात पळू द्यायचं आणि थांबल्यावर दर पाच मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावायचं. आकडा २८० वर आला तर घट २० टक्के झाली. मुलांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त घट ही दम्याच्या बाजूची भक्कम साक्ष मानतात. पंपाने औषध दिल्यावर पंधरा मिनिटांत काटा पुन्हा वर चढला तर साक्ष आणखी पक्की होते. लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्पायरोमेट्रीवर हेच अधिक अचूकपणे मोजता येतं. दुपारच्या एक्स-रेवर मात्र दमा दिसत नाही, कारण तेव्हा तो तिथे नसतो.

मग विचारायचं, हा त्रास आणखी कधी होतो? पहाटे तीन-चारला खोकल्याने जाग येते का? सोयाबीनच्या राशीला, मळणीयंत्राच्या धुराळ्यात उभं राहिल्यावर वाढतो का? गाजर गवत फुलतं त्या दिवसांत शिंका, डोळ्यांची खाज सुरू होते का? हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेला आलं ते १९५५ च्या सुमारास पुण्यात, आणि आज मराठवाड्यातला एकही बांध त्याच्यापासून सुटलेला नाही. त्याचे पराग नाकाच्या आणि श्वासाच्या अॅलर्जीला कारण होतात. घरात आणखी कुणाला दमा, इसब, सततची सर्दी आहे का? ही उत्तरं एका धाग्यात येऊ लागली की निदान जवळ आलं.

निदान झालं तरी घरी वाद होतो तो पंपावरून. "एकदा पंप लागला की जन्माचा लागतो," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर आकड्यांतच द्यावंसं वाटतं. श्वासनळी मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाची मोठी गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. म्हणजे गोळीतून चाळीसपट औषध साऱ्या अंगात फिरवायचं, की त्याचा चाळिसावा भाग थेट श्वासनळीत पोचवायचा, एवढाच निवडीचा प्रश्न आहे. नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर भागवू नये हेही तितकंच खरं. सूज उतरवणारं श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हा उपचाराचा कणा आहे. मुलीच्या बाबतीत तर पंप ओढणीखाली लपवला जातो, सोयरिकीत कळू नये म्हणून. त्या लपवण्याने जीव गेलेला परवडतो का, हे आईबापांनी स्वतःला विचारावं.

आता उत्तर उलट आलं तर? "थांबल्यावर बरं वाटतं, पण पळता पळताच छातीत दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा पडलोही." हे ऐकलं की पळणं त्या दिवसापासून बंद आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, लवकरात लवकर. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असणं किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीचा उगम चुकीच्या जागी असणं अशी थोडी पण जिवावरची कारणं इथे असतात. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, हा प्रश्न विचारायचा राहू नये. नुकतीच ताप-सर्दी होऊन गेलेली असेल आणि आता विश्रांतीतही धाप व धडधड असेल, तर हृदयाच्या स्नायूला आलेल्या सुजेचा विचार करावा लागतो.

आपल्याकडे हृदयाचं आणखी एक दुखणं आहे, ते श्रीमंत देशांतल्या पुस्तकांत मागच्या पानांवर गेलं, इथे अजून पुढच्या पानावर आहे. घसा दुखतो, ताप येतो, आपोआप बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा, मग कोपर. तेही बरं होतं आणि विसरलं जातं. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूशी लढताना शरीराने हृदयाच्या झडपांवरही वार केलेला असतो. याला संधिवाताचा ताप म्हणतात, आणि त्याने आवळलेल्या झडपेमुळे पुढे धाप लागते. युरोप-अमेरिकेत अशी झडप आवळायला वीस-वीस वर्षं लागत असत. दिल्लीच्या एम्समधील डॉ. सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की भारतात हा आजार विशीच्या आतच झडप बंद करत आणतो. उताणं झोपलं की दम कोंडतो, उशा वाढवाव्या लागतात, कधी थुंकीत रक्त येतं. झडपेचा आवाज फार मंद असतो. मुलाला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची घंटा हलकेच टेकवून, पंखा बंद करून ऐकावा लागतो. गर्दीच्या ओपीडीत तो निसटतो, म्हणून सांधे सुजल्याची जुनी गोष्ट घरच्यांनीच सांगितली पाहिजे. निदान झालं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन पुढची इजा टाळतं, आणि आवळलेली झडप पुष्कळदा फुग्याने उघडता येते, छाती न उघडता. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाच्या यादीत हा आजारही आहे आणि दमाही आहे. पथक आलं त्या दिवशी मूल शाळेत असू द्या.

काही मुलांचं दुखणं पळण्याशी जोडलेलंच नसतं. श्वास आत घेतला की एका कुशीत सुरी खुपसल्यासारखी चमक येते. घरचे म्हणतात लचक भरली, तेल लावा, शेका. आठ-दहा दिवसांत चमक कमी होते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच धाप वाढू लागते. संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन, मेलेली भूक सोबतीला असते. फुप्फुसाभोवतीच्या दोन पापुद्र्यांना क्षयामुळे सूज आली की आधी ते एकमेकांवर घासतात, ती चमक. मग त्यांच्या मध्ये पाणी साठतं, घासणं थांबतं, दुखणं थांबतं, आणि पाणी फुप्फुस दाबत जातं. दुखणं कमी होणं हे इथे आजार वाढल्याचं लक्षण आहे, आणि घरचे फसतात ते यामुळेच.

हे पाणी डॉक्टर बोटांनी शोधतात. ऑस्ट्रियातला लेओपोल्ड आउएनब्रुगर हा खानावळवाल्याचा मुलगा. दारूची पिपं वाजवून ती कुठपर्यंत भरली आहेत हे ओळखतात, तशी छाती वाजवून आतलं ओळखता येईल, हे त्याने १७६१ साली छापून सांगितलं. आपल्याकडे ज्वारीची कणगी वाजवून धान्य किती उरलं हे घरातली बाई सांगते, तीच ही विद्या. हवेने भरलेलं फुप्फुस पोकळ वाजतं, पाणी असलेली बाजू दगडासारखी बद्द. याच्या उलट, उंच सडपातळ मुलाला बसल्या जागी एकदम एका बाजूला कळ येऊन धाप लागली आणि ती बाजू ढोलासारखी वाजली, पण तिथे श्वासाचा आवाज ऐकू आला नाही, तर फुप्फुस फुटून हवा बाहेर साठलेली असते. त्याला त्याच तासाला रुग्णालयात न्यायचं.

पाणी सुईने काढून तपासतात. त्याचा रंग बहुधा गव्हाच्या काडासारखा पिवळसर असतो. मात्र आवरणाच्या क्षयात जंतू थोडे असल्याने जनुकीय तपासणीत ते सापडतीलच असं नसतं, म्हणून पाण्यातली पेशी-रसायनं आणि मुलाची एकूण हकीकत एकत्र वाचावी लागते. जनुकीय तपासणी करणारं ट्रूनॅट यंत्र बनवणारी कंपनी गोव्याची आहे, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. उपचार सहा महिन्यांचा, सरकारी दवाखान्यात मोफत. तो अर्ध्यावर सोडला तर आजार औषधांना दाद देईनासा होतो.

देवणीचं नाव महाराष्ट्राबाहेर पोचलं ते गुराढोरांमुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा अशा तीन रंगरूपांची देवणी गाय-बैलं इथल्या घराघरांतली. जिथे जनावरं, तिथे कुत्री. आणि म्हणून इथल्या मुलाच्या एक्स-रेत गोल, गुळगुळीत कडेचा चेंडूसारखा डाग दिसला तर मी एका जंताची आठवण करून देईन. मेलेल्या शेळ्या-मेंढ्यांची, गुरांची आतडी-काळजं कुत्र्यांना घातली जातात, कुत्र्याच्या पोटात तो जंत वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून मातीत आणि मातीच्या हातांनी मुलाच्या पोटात जातात. फुप्फुसात पाण्याची गाठ तयार होते, वर्षानुवर्षं गप्प राहते. एक दिवस ती फुटते, छातीत कळ येते आणि खोकल्यातून खारट पाणी पडतं. 'खारट' हा एक शब्द मुलाने सांगितला तर तो सोन्याच्या मोलाचा. अशा गाठीत चुकून सुई घातली तर अंगभर तीव्र अॅलर्जी उसळून जीव जाऊ शकतो. म्हणून कुठल्याही पाण्यात सुई घालण्याआधी सोनोग्राफी करावी.

आतापर्यंत दिवसांची, आठवड्यांची दुखणी सांगितली. एक दुखणं असं, जे रात्रीतून होतं.

पावसाळ्यात घरात खाली झोपलेला मुलगा पहाटे उठतो. पोटात कळ, उलटी, घशात काहीतरी अडकल्यासारखं, छाती जड. तपासणारा आम्लपित्त म्हणतो. तासाभरात पापण्या खाली येतात, बोलणं नाकातून येतं, थुंकी गिळवत नाही, मग श्वास उथळ होत जातो. ही मण्यार आहे. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, दात रुतल्याची खूणही पुष्कळदा सापडत नाही. साप कुणी पाहिलेला नसतो, म्हणून सापाचा विचार कुणी करत नाही. पहाटेचं पोटदुखणं आणि मिटत चाललेल्या पापण्या दिसल्या की १०८ ला फोन करून कृत्रिम श्वास देण्याची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघायचं, वाटेत कुठल्याही मांत्रिकाच्या ओट्यावर थांबायचं नाही.

लाल विंचवाची गोष्ट तर महाराष्ट्रानेच जगाला शिकवली. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली लेकरं घामाने भिजून, हातपाय गार पडून येत आणि काही तासांत फेस येऊन, धापा टाकत मरत. बावस्करांकडे मोठी यंत्रं नव्हती. ते खाटेशेजारी बसले आणि तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहीत गेले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, हा क्रम त्यांना त्या नोंदींत दिसला. १९८२ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून या मृत्यूंचं प्रमाण, जे शंभरात तीसच्या आसपास होतं, अगदी थोड्यावर आणलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. निदानाचा मोठा भाग रुग्णाजवळ बसून राहण्यात असतो, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. फवारणीच्या दिवसांत आणखी एक प्रश्न जोडावा: मुलगा औषध मारायला गेला होता का? लाळ, घाम आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या बाहुल्या हे कीटकनाशकाच्या विषबाधेचं चित्र आहे.

मुलीची धाप पुष्कळदा रक्तात असते. महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी, म्हणून हृदय धावतं, धडधड होते, जिना चढवत नाही. ऑक्सिमीटर तरीही ९९ दाखवतो, कारण तो फक्त असलेलं हिमोग्लोबिन भरलेलं आहे का एवढंच पाहतो. पाळीत किती दिवस आणि किती जातं, हे आईने विचारावं आणि डॉक्टरांना सांगावं.

राहिलं ते 'टेन्शन'. लातूरच्या क्लासेसमध्ये नीटच्या तयारीला आपल्या तालुक्यांतली किती मुलं खोली करून राहतात, हे सांगायला नको. परीक्षेच्या आदल्या रात्री छाती दडपते, श्वास पुरत नाही, ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. हे नाटक नसतं. घाबरून भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड फाजील बाहेर जातो, रक्ताची आम्लता घटते, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि स्नायू आखडतात. अशा वेळी तोंडाला पिशवी लावू नये. तो मूळचा दमेकरी असला तर तीच पिशवी घातक ठरेल. शेजारी बसून, चारपर्यंत मोजत हळू श्वास सोडायला लावावं. पण हे निदान शेवटी करायचं असतं, पहिल्या मिनिटाला नाही. आणि ते करताना त्याचीही खूण हवी: मुंग्या, उसासे, झोपेत त्रास नसणं. पहाटे तीनला खोकत उठणाऱ्या मुलाला 'टेन्शन' म्हणणं ही चूक आहे. छातीच्या मध्याजवळ बोट दाबल्यावर नेमकं तेच दुखणं उमटलं, तर बरगडीच्या कुर्चीची सूज समजावी आणि मुलाला निर्धास्त करावं.

आईबापांना एक विनंती. मुलाला एका वाक्यापेक्षा जास्त बोलता येत नसेल, ओठ निळसर असतील, ऑक्सिमीटर ९२ च्या खाली असेल, तो पळताना पडला असेल किंवा पापण्या मिटत असतील, तर हे वाचणं थांबवा आणि निघा. नसेल, तर दोनशे पानी वहीतली दोन पानं त्याच्यासाठी ठेवा. तारीख, वेळ, तेव्हा तो काय करत होता, किती मिनिटं टिकलं, कशाने थांबलं, एवढं पंधरा दिवस लिहा. श्वासाचा आवाज येत असेल तर मोबाइलवर टिपून ठेवा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि मुलाला स्वतःच्या तोंडाने बोलू द्या. सगळं ऐकून कुणी "काही नाही" म्हणालं, तर नम्रपणे एवढंच विचारा: "साहेब, ह्याला पळवून, फुंकायला लावून बघितलंत का?"